वाकडी होडी, सरळ चाल

"आई, हा काका एकाच बाजूनं वल्हं मारतोय. मग त्याची होडी गोल का फिरत नाही?"

ओंकारच्या या एका प्रश्नाने आमच्या व्हेनिसच्या सहलीचा सगळा बेत बदलला. मुलांचा मामा नोकरीनिमित्त इटलीत मिलानला राहतो. तिथून आगगाडीने अडीच तासांवर व्हेनिस. मामाने दोन दिवसांची भलीमोठी यादी केली होती: अमुक चर्च, तमुक राजवाडा, दोन संग्रहालये. त्यातले निम्मे आम्ही पाहिलेच नाही. सगळा वेळ गेला एका वल्ह्याच्या मागे!

त्या वेळी आम्ही एका लहानशा पुलाच्या कठड्याला टेकून उभे होतो. खालून काळीभोर, लांबलचक गोंडोला चालली होती. तिच्या मागच्या टोकावर, डावीकडे, पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घातलेला एक माणूस उभा होता. हो, उभाच! त्याच्या हातात एकच लांब वल्हे, तेही उजव्या बाजूला. पुलाखालच्या बोळकांडीत शिरताना त्याने "ओऽए!" अशी हाळी दिली, म्हणजे पलीकडून कोणी येत असेल तर सावध व्हावे, आणि होडी दोरी आखल्यासारखी सरळ निघून गेली.

"मागं सुकाणू असणार," मामा म्हणाला. मामाला सगळी उत्तरे माहीत असतात.

आम्ही पुलाच्या दुसऱ्या कठड्याकडे धावलो आणि वाकून पाहिले. सुकाणू बिकाणू काही नव्हते. मामा गप्प.

मुलांनो, प्रश्न साधा नाही बरं का. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. लहानपणी पलीकडच्या गावात जायला तर होती. तरवाला दोन वल्ही मारायचा, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि पाणी उथळ झाले की वल्ही ठेवून बांबूने तळ रेटायचा. एकदा होडी रिकामी असताना त्याने मला एक वल्हे मारायला दिले. मी सारा जोर लावला. होडी जागच्या जागी गरगर फिरली आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. हंपीला तुंगभद्रेतल्या टोपलीसारख्या गोल होडीत तुमच्यापैकी कोणी बसले असेल, तर त्यालाही ही गंमत ठाऊक असेल. नावाड्याने मनात आणले तर तो तुम्हांला भोवऱ्यासारखे फिरवतो. एका बाजूने ढकलले की वस्तू वळणारच. मग ही गोंडोला कशी वळत नाही?

उत्तर शोधायच्या आधी गाव समजून घेऊ. व्हेनिस शंभराहून अधिक लहान लहान बेटांवर वसलेले आहे. बेटांच्या मधून कालवे, आणि कालव्यांवर चारशेच्या वर पूल. मोटारी, रिक्षा, स्कूटर काहीही नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. आजूबाजूला पसरले आहे ते भूगोलाच्या पुस्तकातले खाजण, आपल्या ओडिशातल्या चिल्कासारखे. समुद्राचे पाणी अडकून झालेला उथळ तलावच तो. त्याची सरासरी खोली जेमतेम मीटरभर. चार पावले इकडे गेलात तर पाणी, चार पावले तिकडे गेलात तर चिखल.

अशा पाण्यात बसून वल्हवण्यात अर्थ नाही. आपला तरवाला पाठीमागे सरकत जातो, त्याची पाठ पुढे असते. पलीकडचा काठ दिसायला त्याला मान वळवावी लागते. इथे समोर चिखलाचा उंचवटा आहे की नाही, हे आधी दिसायला हवे. म्हणून व्हेनिसचे लोक उभे राहून, तोंड पुढे करून वल्हवतात. शहरातले कालवे तर इतके अरुंद की दोन्ही बाजूंना वल्ही पसरली तर ती घरांच्या भिंतींना खरवडतील. एकाच बाजूला वल्हे, तेही गरज पडेल तेव्हा पटकन आत घेता येईल असे, ही इथली गरज आहे.

गोंडोलात बसावे असे मुलांना फार वाटत होते. पण अर्ध्या तासाचे नव्वद युरो! मी मनातल्या मनात रुपये केले आणि पुढे चालू लागले. मामाने मात्र एक युक्ती काढली. शहराच्या मधून उलट्या एस अक्षरासारखा ग्रँड कॅनॉल जातो. तो जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांब आहे आणि त्यावर पूल फक्त चार. म्हणून काही ठिकाणी माणसांना या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या साध्या गोंडोला आहेत. त्यांना 'त्रागेत्तो' म्हणतात. म्हणजे आपली तरच की! भाडे दोन युरो. बाजाराच्या पिशव्या घेतलेले लोक चढतात आणि एस.टी.त उभे राहावे तसे उभेच राहतात. आम्हीही उभे राहिलो. मुले मजेत, माझे पाय लटपटत होते. दोन मिनिटांत आम्ही मासळीबाजारापाशी उतरलो. या होडीला दोन वल्हेकरी होते, एक पुढे, एक मागे. एकाचे वल्हे डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे.

"हे बरोबर आहे," ओंकार म्हणाला. "पण तो एकटा काका?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराचा एक तुकडा सापडला. सान त्रोवासो नावाच्या कालव्याच्या काठी गोंडोला बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एक जुना कारखाना आहे. अशा कारखान्याला तिकडे 'स्क्वेरो' म्हणतात. आत जायची गरज नाही, समोरच्या काठावर उभे राहिले की सगळे दिसते. लाकडी घर मात्र पहाडातल्या घरासारखे, कारण लाकूड आणि सुतार दोन्ही डोंगराळ मुलखातून येत. उतारावर दोन-तीन गोंडोला पालथ्या घातल्या होत्या. ओंकार बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला.

"आई, ती होडी बिघडलीय. वाकडी झालीय, केळ्यासारखी. म्हणून दुरुस्तीला आणलीय."

"आणि तिच्या शेजारची?" सईने विचारले.

"तीपण वाकडी."

"तिसरी?"

तिसरीही वाकडी. मामाने खिशातली माहितीपुस्तिका काढली आणि या खेपेला त्याला उत्तर सापडले. गोंडोला मुद्दामच वाकडी बांधतात! लांबी साधारण अकरा मीटर, रुंदी दीड मीटरलाही थोडी कमी, आणि त्यात डावी बाजू उजवीपेक्षा चोवीस सेंटिमीटरने अधिक फुगीर. आठ जातींच्या लाकडांचे २८० तुकडे जोडून ही वाकडी वस्तू तयार करतात. वल्ह्याचा रेटा उजवीकडून बसतो, तो होडीला डावीकडे वळवू पाहतो. होडीचा आकार तिला उजवीकडे वळवू पाहतो. दोघांची ओढाताण होते आणि होडी सरळ जाते. तुम्ही उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन चाललात की अंग आपोआप डावीकडे झुकते ना, तसेच काहीसे.

पूर्वी गोंडोला अशी नव्हती. श्रीमंतांच्या घरी स्वतःची गोंडोला आणि पदरी दोन वल्हेकरी असत. पुढे दिवस बदलले. १८८१ साली ग्रँड कॅनॉलमध्ये वाफेवर चालणारी प्रवासी बोट आली. आपली भाकरी जाणार म्हणून गोंडोलावाल्यांनी तेव्हा संप केला होता. दोन माणसांचा पगार परवडेना तेव्हा एका माणसाला चालवता येईल अशी होडी हवी झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारागिरांनी तिला अधिकाधिक वाकडे करत नेले. म्हणजे नव्वद युरोवाली ही शाही होडी खरे म्हणजे काटकसरीतून जन्मली आहे. मला ही गोष्ट फार आवडली.

पण हे निम्मेच उत्तर होते. उरलेले निम्मे आम्हांला पाण्यात उतरून मिळाले.

व्हेनिसमध्ये हौशी लोकांना वल्हवायला शिकवणारी मंडळे आहेत. मामाने फोन करून दीड तासाचा धडा ठरवला. शिकवायला आल्या त्या साठीच्या बाई, आखूड पांढरे केस, उन्हाने रापलेले हात. होडी गोंडोला नव्हती. 'बातेला' नावाची जुन्या पद्धतीची सपाट बुडाची, ऐसपैस होडी होती. नवख्याने गोंडोला चालवायचीच नसते. गोंडोलावाला व्हायचे तर शेकडो तासांचे शिक्षण आणि वर परीक्षा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची, मुलीकडे नव्हे. जॉर्जिया बोस्कोलो हिने ती परीक्षा पार करून पहिली बाई गोंडोलावाली होण्याचा मान मिळवला, तो २०१० साली! सईने हे ऐकले आणि ती कुणाला न विचारता होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन उभी राहिली.

बाईंनी आधी तिच्या हातात वल्हे दिले नाही. एक लाकडाचा तुकडा दाखवला. हाच तो 'फोर्कोला'. आपल्याकडे वल्हे खुंटीला दोरीने बांधतात. इथे दोरी नाही, कडी नाही, काही नाही. होडीच्या काठावर फूट-दीड फूट उंचीचा अक्रोडाच्या लाकडाचा एक वळणदार खांब खोचलेला असतो. त्याला खाचा आणि उंचवटे असतात. वल्हे त्या खाचेत नुसते टेकवायचे. लांबून पाहिले तर कोणा शिल्पकाराने उगाच काहीतरी कोरून ठेवले आहे असे वाटते, पण एकही वळण उगाच नाही. वरच्या खाचेत वल्हे ठेवले की होडी पुढे जाते. खालच्या बाकावर टेकवले की जड होडी जागची हलवता येते. पुढच्या बाजूने अडकवले की ब्रेक, मागच्या बाजूने लावले की उलटी चाल. वळायला आणखी वेगळी जागा. त्यातल्या एका भागाला तर 'कोपर' असेच नाव आहे. आपल्या मोटारीत गिअर असतात ना? हा लाकडाचा गिअरबॉक्स!

फोर्कोला आणि वल्ही बनवणारे कारागीर वेगळे असतात. लाकूड वर्षानुवर्षे वाळवून मग ते कोरायला घेतात. गोंडोलावाल्याची उंची आणि त्याची वल्हवण्याची सवय पाहून त्याच्या मापाचा फोर्कोला करतात, शिंप्याने सदरा शिवावा तसा. असे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

"आता वल्हं घे," बाई म्हणाल्या. "घट्ट धरू नकोस. ताकद नको, वजन दे."

सईने पुढच्या पायावर झुकून वल्हे पुढे रेटले. होडी सरकली! मग ते मागे आणायला तिने वर उचलले आणि खाड्कन ते फोर्कोलातून निसटले. पुन्हा ठेवले, पुन्हा निसटले.

"उचलायचं नाही. पाण्यातच राहू दे. मनगट फिरव, पातं आडवं कर आणि पाणी कापत मागे आण."

हेच ते उरलेले अर्धे उत्तर. वल्हे पुढे रेटले की होडी एकीकडे वळते. परत आणताना पाते पाण्याबाहेर न काढता थोडे तिरके धरून आणले की ते पाण्याला दाबते आणि होडी पुन्हा जागेवर येते. जाताना चूक करायची, येताना दुरुस्त करायची. प्रत्येक वल्ह्याला! वाकडी होडी काही चूक सांभाळून घेते, उरलेली मनगट सांभाळते. सुकाणूची गरजच काय?

सईला पंधरा-वीस मिनिटांत ते साधले. माझी पाळी आली तेव्हा वल्हे तीनदा निसटले आणि चौथ्यांदा सरळ पाण्यात गेले. ओंकारने टाळ्या वाजवल्या. खाडीकाठचे आजोळ काही कामाला आले नाही. बाईंनी मागच्या मागे होडी वळवून तरंगणारे वल्हे उचलले, माझ्या हातात दिले आणि मला शांतपणे खाली बसवले.

शहराच्या उत्तरेला कालवा संपतो आणि खाजण सुरू होते. सई पुढे, बाई मागे, असे आम्ही उघड्यावर आलो. इतका वेळ पाण्याचा चुळुक चुळुक आवाज तेवढा येत होता. एवढ्यात मागून घरघर आली. एक मोटारबोट आमच्या शेजारून सुसाट गेली. बाई काहीतरी ओरडल्या. पहिली लाट आली तेव्हा होडीचे टोक वर उचलले गेले, दुसरीला खाली आपटले. सईचे वल्हे उडाले, त्याच्या दांड्याचा तडाखा तिच्या बरगडीला बसला, तोल गेला, आणि ती गुडघ्यांवर पडली म्हणून वाचली. नाहीतर पाण्यातच जायची. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. ओंकारने तिच्या पायाला मिठी मारली होती.

"लागलं?" मामाने विचारले.

सईने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण वल्हे तिने सोडले नव्हते.

बाईंचा चेहरा मात्र लाल झाला होता. त्यांनी होडी सावकाश काठाकडे नेली आणि एका जुन्या घराची भिंत दाखवली. खाली पांढरा दगड, वर विटा. हा दगड समुद्रापलीकडच्या इस्त्रिया भागातून आणलेला, पाण्याला दाद न देणारा. जुन्या लोकांनी हिशेबानेच तो पाण्याच्या रेषेपर्यंत लावला होता. पण आता पाण्याची पातळी वाढली आहे आणि मोटारबोटींच्या लाटा दगडाच्या वर, विटांवर आदळतात. प्रत्येक लाट विटांमधला चुना थोडा थोडा ओढून नेते. बाईंनी दोन विटांच्या फटीत हात घातला. मनगटापर्यंत आत गेला! पायऱ्यांचे खालचे दगडही पोखरलेले. लाटांच्या या माऱ्याला व्हेनिसच्या भाषेत नावच आहे, 'मोतो ओंदोसो'.

आणि या घरांच्या पायाखाली आहे काय? लाकूड! चिखलात ठोकलेले हजारो खुंटे. एका रिआल्तो पुलाखालीच सुमारे बारा हजार खुंटे आहेत, ते १५८८ ते १५९१ या काळात पूल बांधताना ठोकलेले. चिखलात हवा शिरत नाही म्हणून लाकूड सहजी कुजत नाही. लाटांनी आणि बोटींच्या पंख्यांनी चिखल उपसला तर त्या लाकडाला हवा लागते.

मी दहा वर्षांची होते, बाई सांगू लागल्या. १९७५ साली शहरातल्या वल्हवणाऱ्या लोकांनी ठरवले, या लाटांविरुद्ध निषेध करायचा. पण मोर्चा नाही, घोषणा नाहीत. ज्याच्याकडे वल्ह्याची होडी असेल त्याने ती घेऊन यायचे आणि सगळ्यांनी मिळून खाजणातून तीसेक किलोमीटरचा फेरा मारायचा. त्याचे नाव 'वोगालोंगा', म्हणजे लांबवर वल्हवणे. बाई वडिलांच्या होडीत होत्या. अर्ध्या वाटेत त्यांच्या हाताला फोड आले, तरी त्यांनी वल्हे दिले नाही. तेव्हापासून दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी वोगालोंगा भरते. तोफ वाजते आणि हजारो लोक निघतात, देशोदेशींच्या होड्या घेऊन. शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. त्या सकाळी शहराच्या मुख्य भागात मोटारबोटींना बंदी असते.

"आणि पाणी आरशासारखं होतं," बाई म्हणाल्या. "एक दिवस."

परत येताना मी कालव्यात काय काय चालले आहे ते मुद्दाम पाहिले. भाजीची बोट, कचऱ्याची बोट, टपालाची बोट, आणि एकदा भोंगा वाजवत गेलेली रुग्णवाहिका, सगळ्या मोटारीवरच. आजारी माणसाला वल्ह्याने दवाखान्यात न्या असे कोण म्हणेल? वेगाची मर्यादाही तिथे आहे. कायदा आहे, पाट्या आहेत. त्या मोटारबोटवाल्याने ती पाटी वाचली नसेल असे मला काही वाटत नाही.

धक्क्याला लागल्यावर बाईंनी सईचे तळवे उलटे करून पाहिले. उजव्या हाताला तीन फोड, डाव्याला एक. त्यांनी समाधानाने मान डोलावली, शाळेतल्या बाई वही तपासून मान डोलावतात तशी. आमच्या हिशेबाचे पैसे मामाने दिले, पण निघताना बाईंनी हात मिळवला तो फक्त सईशी.

ओंकारला मात्र वल्हे मारायला मिळाले नव्हते. तो लहान आहे, वल्हे त्याच्या दुपटीहून लांब. गाडीत तो गप्प गप्पच होता. मिलानला पोहोचलो, मी स्वयंपाकाला लागले, आणि थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा होते. त्यांच्या छतातून पाणी गळत होते. आम्ही न्हाणीघराकडे धावलो. मामाच्या लांबट टबात ओंकार उभा होता, तोंड पुढे, हातात मामाचा लांब दांड्याचा लाकडी झारा, आणि टबाच्या काठाला चिकटपट्टीने चिकटवलेला, तीन जागी खाचा पाडलेला एक बटाटा.

"आई, बघ ना," तो म्हणाला. "हा टब सरळ आहे. म्हणून जमत नाहीये."